पूल बघायला आलेला माणूस

सरकाभाऊला ओळखत नाही असा एकही विक्रेता आमच्या पुलावर नाही. खरं नाव त्याच्या परवान्यावर छापलेलं आहे, पण ते कोण वाचतो? "बाई, तुम्ही जरा आत सरका, साहेब, डावीकडे सरका, अजून सरका," असं दिवसभर ओरडून त्याने हे नाव स्वतःच कमावलं. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पिशवीत जागच्या जागी फोटो छापून देणारं यंत्र. उभं राहायची जागा ठरलेली, तिसऱ्या दिव्याखाली. तिथून पुलाच्या सगळ्या कमानी एकदम दिसतात. त्याच दिव्याला टेकून मी टोप्या विकते, त्यामुळे त्याचा निम्मा जन्म मी बसल्या जागी पाहिलाय.

फोटोत दोन माणसांमध्ये फट दिसली की ती त्याला दातात अडकलेल्या कणासारखी छळायची. नवरा-बायको भांडून आलेले असले तरी त्यांना खेटवल्याशिवाय बटण दाबायचा नाही. "घरी जाऊन भांडा की. इथे सरका." दुसरी खोड अशी, की "तीन म्हटलं की काढतो" असं सांगायचा आणि दोनलाच काढून मोकळा व्हायचा. तीनला माणसं तोंड आवळून धरतात, मग तो फोटो होत नाही, पंचनामा होतो, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईक कुरकुर करायचं आणि फोटो बघून गप्प व्हायचं.

तेव्हा हा नुसता पूल होता. त्यावरून लोक कामाला जायचे, भाजी घेऊन यायचे, कठड्याला टेकून उचकी थांबवायचे. मध्ये तर पाडायचंही ठरलं होतं. मग कुणाला तरी साक्षात्कार झाला की पूल ऐतिहासिक आहे. गाड्या बंद झाल्या, दिवे लागले, पाटी लागली, आणि दूरदूरचे लोक पैसे खर्चून यायला लागले. दगड जुना झाला की त्याला पाटी लावतात. माणसाचं तसं नसतं.

आम्हाला वाटलं, आता भाग्य उजळलं. गर्दी आली खरी, पण येताना प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा घेऊन आली. गरज सरो, वैद्य मरो. लोक आता सरकाभाऊच्याच हातात आपला फोन द्यायचे, "काका, आमचा एक काढा ना," आणि हा शहाणा काढून द्यायचा. तोही मन लावून, सरका सरका करत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"स्वतःचं दुकान स्वतःच बुडवतोस," मी म्हणायचे.

"अगं, त्यांना उभंसुद्धा राहता येत नाही नीट," तो म्हणायचा.

याच कॅमेऱ्यावर मुलगा शिकला. चांगला शिकला, काचेच्या इमारतीत नोकरीला लागला, तिकडेच खोली घेऊन राहायला गेला. सरकाभाऊच्या घरी दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मायलेकांचे फोटो. लेक रांगताना, लेक दप्तर घेतलेला, लेक आईच्या खांद्याएवढा. तिघांचा एकत्र असा एकही नाही. काढणारा फोटोत येणार कसा? मी एकदा म्हटलं, मी काढते. काढलाही. त्यात तिघांची धडं आली आणि डोकी राहिली. तेव्हापासून त्याने एक मनात धरलं होतं. "पोराचं लग्न ठरलं ना, की सगळे इथेच, तिसऱ्या दिव्याखाली. कॅमेरा देईन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. तुझ्या नाही. आणि मी मधोमध."

एवढंच मागणं होतं त्याचं. इतक्या वर्षांत दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

मुलाचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच कामावरची. तिचे आई-वडील दुसऱ्या गावाहून यायचे होते, त्यांना आमचा हा नामांकित पूल बघायचा होता. मुलाने फोन करून बापाला सांगितलं, "बाबा, रविवारी कॅमेरा घेऊन पुलावर उभे राहू नका. तिच्या घरचे येतायत."

याचा अर्थ मला ऐकता क्षणी कळला. त्याला कळला तो वेगळाच.

"म्हणजे बघ, त्या दिवशी काम नाही. घरच्यांबरोबर फिरायचं म्हटल्यावर गळ्यात लोढणं कशाला? पोराला समज आली."

"तू ये असं म्हणाला का तो?"

"हे काय सांगावं लागतं?"

मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील, पण आनंदात असलेल्या माणसाला तोडायला माझी जीभ धजली नाही.

रविवारी स्वारी आली. कडक इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेला भांग. बायकोचे गुडघे धरलेले, तिला पुलावर चालवत नाही, म्हणून एकटाच. कॅमेरा नसल्यामुळे गळा उघडा पडला होता आणि हात सारखा छातीशी जात होता. "नवरदेव तू आहेस की तो?" मी म्हटलं. हसला. मग उगीच माझ्या टोप्या सरळ करत बसला.

ते चौघे आले. मुलगा, मुलगी, तिचे आई-वडील. सासूबाई चांगल्या दिसत होत्या, सासऱ्यांच्या हातात माहितीचं पत्रक होतं. सरकाभाऊ दोन पावलं पुढे झाला. मुलाने त्याला पाहिलं, आणि मी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चोर पकडला गेल्यावर जसा दिसतो तसा तो एक क्षण दिसला. बापाने तोंड उघडायच्या आत त्याने खिशातून फोन काढून पुढे धरला.

"काका, आमचा एक फोटो काढता का?"

बाप फोनकडे बघत राहिला. मग त्याने तो घेतला. काय करणार होता?

चौघे कठड्याशी उभे राहिले. इकडे तिघं, तिकडे कडेला मुलगा, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मी वाट बघत होते. त्याच्या तोंडातून 'सरका' आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तीन म्हटलं की काढतो," तो म्हणाला. "एक, दोन." झाला काढून.

"अय्या, तीनच्या आधीच?" मुलगी हसली. फोन बघून ती मुलाला म्हणाली, "आम्ही सगळे गाफील आणि तू एकटा बरोबर समोर बघतोयस. तुला कसं कळलं?"

"अंदाज," तो म्हणाला.

सासूबाई माणुसकीच्या होत्या, दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. "छान काढलात हो. तुम्हीही पूल बघायलाच आलात?"

"हो," सरकाभाऊ म्हणाला. "पूल बघायलाच आलोय."

"कसा वाटला?"

"मोठा आहे."

ते पुढे गेले. मुलाने मागे वळून पाहिलं की नाही, मला विचारू नका. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. सरकाभाऊ माझ्याशेजारच्या पायरीवर बसला आणि एवढंच म्हणाला, "घरी सांगू नकोस. चुकामूक झाली म्हणून सांगीन."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पुन्हा गळ्यात. पण त्या दिवसापासून तो दाढी वाढवतोय. सोयरे अजून घरी यायचे आहेत, आणि पुलावर फोटो काढून देणारा माणूस त्यांना ओळखता येऊ नये, म्हणून. मला तसं त्याने सांगितलं नाही. मी काय आंधळी आहे?

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोने मला मुद्दाम घरी बोलावलं. मुलाने तो फोटो मोठा करून, काचेची चौकट करून आईला पाठवला होता. तिने तो भिंतीच्या मधोमध लावला होता, रांगणाऱ्या लेकाच्या शेजारी. सरकाभाऊ त्याच्याच खाली खुर्चीवर बसून दाढी खाजवत होता.

"सून गोड आहे ना?" ती म्हणाली. "सासूही मनमोकळी दिसते. आणि यांना बघ. ऐन सोयरिकीत दाढी वाढवलीय. मेलं काही ऐकतील तर."

मग पदराने काच पुसता पुसता ती थांबली आणि मधल्या मोकळ्या जागेवर तिने बोट ठेवलं.

"एवढं मात्र खटकतं गं मला. केवढी फट सोडलीय मध्ये. कुणी काढला कोण जाणे. यांनी काढला असता तर अशी जागा सोडली नसती. हो ना हो?"

"नवशिका असेल कुणीतरी," सरकाभाऊ म्हणाला.