हात कडक झाले तेव्हा
खोपोलीला वीजघराचं काम चालू होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. कडावला माझ्या सासरी कासार बांगड्या भरायला आला होता. त्याने माझा पंजा दाबून बारीक करायला घेतला आणि तो थांबला. हात लाकडासारखा कडक लागत होता. बांगडी चढेना. त्याने तो हळूच सोडला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

आदल्या थंडीत गार पाण्यात माझी बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. मी कुणाला बोलले नव्हते. आता तोंडाची कातडीही ताणली होती, मोठा घास घेता येत नव्हता. महारोग हा शब्द घरात कुणी काढला नाही, पण माझं ताट वेगळं झालं. दीड वर्षांची लेक सासूबाईंजवळ निजू लागली. ती रडली की मी दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. मलाही माझीच भीती वाटायची.

यजमानांनी बैलगाडीतून मला कर्जतला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ हात पाहिले, आपल्याला नक्की सांगता येत नाही म्हणाले, आणि मुंबईच्या एका कातडीच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. आगगाडीत मी हात पदराखालून बाहेर काढले नाहीत. महारोग्यांच्या आश्रमात मला सोडून हे एकटेच परततील, एवढंच डोक्यात होतं.

त्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. सुई टोचली की सांगायचं. महारोगात कातडी बधिर होते, हे मी ऐकून होते.

“टोचलं,” मी म्हणाले. पुन्हा, “टोचलं.” प्रत्येक वेळी दुखावं म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.

“हा महारोग नाही,” ते म्हणाले. “कुणाला लागायचा नाही. मुलीला जवळ घ्या.”

यजमानांनी विचारलं, “मंग बरी व्हईल ना ती?”

कातडी आवळत जाण्याचा हा आजार फार थोड्यांना होतो, त्यावर औषध अजून निघालेलं नाही, डॉक्टर म्हणाले. हात उबेत ठेवायचे, तेल चोळायचं, बोटं रोज हलवायची, अधूनमधून दाखवायला यायचं. मग त्यांनी विचारलं, घास उतरताना अडकतो का, चढावर दम लागतो का. हा आजार शरीराच्या आतही शिरतो, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी लेक माझ्या मांडीवर दिली.

दोनएक वर्षांनी आजार होता तिथेच थांबला. बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. अजूनही भाकरीचा तुकडा घशाशी रेंगाळला, की मी चावायची थांबते आणि तो खाली उतरायची वाट पाहते.