साहेबांशी शेवटचा सामना

मी पोटासाठी टेनिस खेळलो. पुण्याच्या एका क्लबात मार्कर होतो. म्हणजे साहेबलोकांना जोडीदार मिळाला नाही की पगारावर त्यांच्याशी खेळायचं. पगारी माणसाला स्पर्धेत उतरता येत नसे, त्यामुळे माझ्या नावावर एक कपही नाही. गुडघा धरायला लागला तसा क्लबानं दुसरा माणूस ठेवला.

मग बारामतीच्या कालव्यावरच्या इंजिनिअरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. बंगल्यामागं शेणानं सारवलेलं कोर्ट होतं. संध्याकाळी कालवा हिंडून आले की साहेब खेळायला उतरत. सहज हरलो तर ते नाराज व्हायचे, जिंकलो तर त्याहून नाराज. म्हणून त्यांचा घाम काढायचा, चुरस लावायची आणि शेवटी चेंडू जाळीत घालायचा. वर्षानुवर्षं हेच. घरी आलो की बायको गुडघ्याला एरंडाची पानं गरम करून बांधायची.

साहेबांची बदली झाली. कालवा खात्याच्या इंदापूरच्या बंगल्यावर निरोपाचा चहा होता. मलाही मोटारीतून नेलं. तिथल्या कोर्टावर उतरताना ते म्हणाले, "इतकी वर्षं तू मला जिंकू देतोस, कळतं मला. आज मात्र खरं खेळ. माझी शपथ आहे तुला."

"व्हय साहेब," मी म्हणालो.

बायकोचं माहेर इंदापूरचंच. त्या दिवशी ती तिथंच होती. मला खेळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

मी जीव तोडून खेळलो. सुरुवातीला पुढंही होतो. मग गुडघा अडून बसला. चेंडू कुठं पडणार हे आधीच दिसायचं, पण तिथवर पाय पोचायचे नाहीत. हरलो.

साहेब जाळीपाशी आले. "शेवटच्या दिवशीसुद्धा खोटंच खेळलास?"

"न्हाय साहेब. आज खरंच हरलो."

त्यांना ते पटलं नाही. हात न मिळवताच ते चहाकडं निघून गेले.

वाटेत बायकोनं विचारलं, "आवं, साहेब जिंकलं न्हवं? मग रागावलं कशापायी?"

"दमलोय गं. चल घरी."

नवे साहेब खेळणारे नव्हते. मी सासऱ्याच्या मळ्यात वांग्या-मिरच्यांना पाणी धरू लागलो. रॅकेट आढ्याला टांगली होती. रॅकेटीच्या तारा जनावराच्या आतड्याच्या; त्या उंदरांनी कुरतडल्या, तेव्हा बायको म्हणाली, "नव्या बशिवता का?" मी नको म्हणालो आणि भाकरी मोडून घेतली.