ताप नाय हिला

कुठल्याही यंत्रापाशी गेले की भाई आधी उजवा हात पालथा करून त्याच्या अंगाला टेकवत. आजारी मुलाच्या कपाळाला आई लावते तसा. डोळे मिटत, जरा थांबत आणि मग म्हणत, "ताप नाय हिला." हिला म्हणजे मशीनला. यंत्रं सगळी त्यांच्या लेखी बायका होत्या, आणि बहुतेक सगळ्या कुरकुऱ्या.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुकानातल्या नव्या पंख्यालाही हात लावून बघणारा, दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला उठला तरी फ्रिजला कान देणारा. आमच्या भाईंचं वेगळेपण एवढंच, की त्यांच्या या सवयीवर माणसं जगत होती.

आम्ही दोघं कुवेतमध्ये, जाब्रियातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये कामाला होतो. मी नर्स, ते मशीनचे टेक्निशियन. मी लातूरकडची, ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे. ड्यूटीवर मला 'सिस्टर' म्हणत आणि युनिटचं दार ओलांडलं की 'बाय'. मी त्यांना दोन्हीकडे 'भाई'च म्हणत असे. नवरा तेलाच्या साइटवर, महिन्यातले बरेच दिवस वाळवंटात. त्यामुळे घरातला नळ गळला, वॉशिंग मशीन अडलं, की माझा पहिला फोन भाईंना जायचा.

डायलिसिसच्या मशीनमध्ये पंप असतात. ते रक्त फिरवतात, पाणी फिरवतात. पंप कुरकुरायला लागला की आमच्याकडे तक्रार लिहायची पद्धत होती. भाई तेवढं थांबतच नसत. हात लावायचे, मान हलवायचे आणि चांगला चालणारा पंप काढून नवा बसवायचे. ऑफिसातला साहेब चिडायचा की चालू माल कशाला फेकता. "वाजल्यावर बदलला तर ती मेहेरबानी नाय, साहेब," भाई त्याला हिंदी-मराठीच्या खिचडीत सांगायचे, "पेशंटच्या कानावर आवाज जाता कामा नाय." साहेब केरळचा होता. त्याला अर्धंच कळायचं, पण भाईंचा चेहरा बघून तो सही करायचा.

आमच्याकडे एक म्हातारी कुवेती पेशंट यायची. सगळे तिला हज्जीया म्हणत. भाई मशीनला हात लावून गेल्याशिवाय ती सुई टोचून घेत नसे. आम्ही नर्सा कितीही गोड बोललो तरी तिचं एकच, तो हिंदी कुठाय? हिंदी म्हणजे हिंदुस्थानी. भाई यायचे, हात टेकवायचे, अंगठा दाखवायचे. मग ती आपला दंड माझ्यापुढे करायची.

शुक्रवारी भाई अब्बासियातून आमच्याकडे एगैलाला जेवायला यायचे. बायको आधीच गावी गेलेली, मुलं मार्गी लागलेली, आणि खोलीत दाटीवाटीनं राहणारे सगळे जण वेगवेगळ्या पाळीतले. येताना मासे आणायचे आणि माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून मला सूचना द्यायचे. "बाय, सरंग्याला लातूरची चटणी नाय लावायची, तो बिचारा घाबरंल." माझी मुलगी मीनू त्यांना मामा म्हणायची. तसं म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं. ती इंग्रजीत बोलायची, ते कोकणीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही. "मामा, व्हाय आर यू टचिंग अवर टीव्ही?" असं तिनं विचारलं की ते म्हणत, "इचारतोय तिला, बरी हायस ना गो?"

त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा युनिटमध्ये महिनाभर करमणूक झाली. जिथं पेट्रोल पाण्याच्या भावानं मिळतं तिथं हा गृहस्थ बॅटरीवर फिरणार! गाडी परदेशातून आलेली, जुनी, पण दिसायला झकास. भाई ऐकून घेत. "तुमच्या गाडीत काय, नुसती आग," ते म्हणत. "माझीत पाणी फिरतं. आपल्या मशीनसारखं." बॅटरी थंड ठेवायला तिच्या भोवतीनं कूलंट फिरतं आणि ते फिरवायला एक छोटा पंप असतो, हे मला त्यांनीच समजावलं.

मग भाईंनी राजीनामा दिला. नोटिशीचे तीन महिने तेवढे भरायचे होते. आता गावी जायचं, खाडीवर बसायचं. खोलीतलं सामान वाटून टाकलं आणि गाडीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "बाहेरच्याला देनार नाय. घरची गाडी घरात ऱ्हावंदे." मला तर ती हवीच होती. मीनूची शाळा, माझी ड्यूटी, टॅक्सीवाल्यांच्या विनवण्या, सगळ्याला कंटाळले होते. नवरा फोनवर म्हणाला, एकदा गॅरेजमध्ये दाखवून घे. मी त्याच्यावर भडकले. भाईंची गाडी तपासायला न्यायची? उद्या त्यांच्या हातचं जेवायच्या आधी मांजराला घालून बघशील!

किल्ली देताना त्यांनी बॉनेटवर हात पालथा ठेवला. डोळे मिटले. "ताप नाय हिला," म्हणाले आणि मीनूला पुढच्या सीटवर बसवून पट्टा स्वतः लावून दिला.

मे महिन्यात, भर दुपारी, मीनूला शाळेतून घेऊन मी फहाहीलच्या हायवेवरून घरी निघाले होते. आधी एसीतून गरम वारा यायला लागला. मग समोर लाल दिवा लागला आणि गाडीनं वेग सोडला. मी पाय दाबतेय आणि ती बैलगाडीसारखी चाललीय. मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावर येताहेत. कशीबशी कडेला घेतली. बाहेर उभं राहवत नव्हतं आणि आत बसवत नव्हतं. "आई, आय कान्ट ब्रीद," मीनू म्हणाली आणि ओकली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मी तिला गाडीच्या सावलीत धरून बसले आणि भाईंना फोन केला.

भाई टॅक्सी करून आले. बर्फाचं पाणी, ओला टॉवेल, सगळं घेऊन आले. तिला उचलून टॅक्सीत नेलं, डोक्यावर टॉवेल ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. "पंप ग्येला असंल," ते म्हणाले. बॉनेट उघडलं नव्हतं. गाडीकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. हे मला त्या वेळी जाणवलं नाही, आपला माणूस धावून आला एवढंच जाणवलं.

गाडी ओढून आमच्या बिल्डिंगच्या तळघरात आणली. एजन्सीवाले म्हणाले, ही आम्ही विकलेली गाडी नव्हे, आम्ही हात लावणार नाही. गॅरेजवाले बॅटरीच्या जबर व्होल्टेजच्या केशरी वायरी बघून लांबूनच नमस्कार करत. शेवटी भाईच म्हणाले, "आपन करू. आपलंच काम हाय, बाय. पानी फिरवायचं, दुसरं काय?" त्यांनी पंप मागवला. मला कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. केशरी वायरीला हात नाही लावायचा. गाडी पूर्ण बंद करून छोट्या बॅटरीची वायर आधी काढायची, मग वाट बघायची. खालचं प्लास्टिकचं झाकण सोडायचं. नळ्या चिमट्यानं आवळायच्या. पंप दोन बोल्टांवर बसलेला. आणि सगळ्यात शेवटी नळ्यांतली हवा काढायची. हे शेवटचं त्यांनी मला शिकवायची गरज नव्हती. रक्तात शिरू शकणाऱ्या नळीतल्या हवेला डायलिसिसची नर्स जेवढी घाबरते तेवढी दुसऱ्या कशालाच घाबरत नाही.

शुक्रवारी सकाळी यायचं ठरलं होतं. ते उशीर करत होते. मला धीर नव्हता. मी चटई अंथरली, जुना पंजाबी घातला आणि एकटीनं सुरुवात केली. गाडी शेजाऱ्यानं आदल्या दिवशीच रॅम्पवर चढवून दिली होती. झाकण सुटलं. टॉर्च मारला. पंप दिसला, मुठीएवढा, काळा, दोन नळ्या आणि एक वायर असलेला.

पंप आणि त्याला धरणारी पट्टी यांच्यामध्ये काहीतरी ठासून बसवलेलं होतं. मी बोटानं ओढलं. जाड, मऊ, पारदर्शक नळीचा तुकडा, उभा चिरलेला. तसली नळी मी रोज हातात धरते. डायलिसिस मशीनच्या रक्ताच्या पंपात जी बसते ती. तिचा स्पर्श मी झोपेत ओळखेन. कुवेतमधल्या कुठल्या गॅरेजमध्ये कुणी ती गाडीत घालणार होतं?

पंपाची घरघर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो तुकडा तिथं कोंबला होता. रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोळा कोंबावा तसा.

मी गाडीखालून बाहेर आले आणि चटईवर बसून राहिले. कितीतरी वेळ मी मनातल्या मनात भाईंच्या बाजूनंच वाद घालत होते. त्यांनी गाडी घेतली तेव्हाच तो असेल. त्यांना ठाऊकच नसेल. पण नळी आमच्या युनिटची होती, आणि काप एवढा सरळ होता की तो एकाच माणसाच्या हातचा असू शकत होता.

भाई आले. हातात माशांची पिशवी. मी तळहातावर तो तुकडा धरला होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हे काय आहे, भाई?"

"वाजत होता," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"म्हणजे मला दिली तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"माका वाटलं, एक उन्हाळा काढंल."

"मला सांगायचं तरी. मी पंप बदलून गाडी घेतली असती. तरीही घेतली असती."

माझा आवाज चढला. "मीनू बसायची हो त्यात! तुम्ही स्वतः पट्टा लावलात तिला!"

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता माफी मागतील. मागितली असती तर मी तिथंच रडले असते आणि दुपारी त्यांना मासे करून वाढले असते. पण ते फार शांतपणे, समजावल्यासारखं बोलले.

"बाय, बाहेरच्याला दिली असती आनि असं झालं असतं, तर तो सरळ मखफरला गेला असता. माझं जानं अडाकलं असतं. तुमी घरची मानसं. घरची समजून घेतात."

मखफर म्हणजे इथली पोलीस चौकी. परक्यानं तक्रार केली की देश सोडता येत नाही, ही भीती आम्हा सगळ्यांच्याच पोटात असते. ते खोटं बोलत नव्हते. मला पटवतही नव्हते. त्यांना ते मनापासून तसंच वाटत होतं. परक्याला फसवायची त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी आपलं माणूस शोधलं. इतकी वर्षं मी ज्या शब्दावर टेकून या परदेशात उभी होते, त्या 'घरची' या शब्दाचा त्यांच्या मनातला अर्थ हा होता.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

नळ्या आवळल्या, पंप काढला, नवा बसवला, बोल्ट घट्ट केले. कूलंट अंगावर सांडलं, बोटं सोलली. भाई टॉर्च धरून उभे होते. तेवढं मी त्यांना करू दिलं, कारण मला तिसरा हात नव्हता. नवं कूलंट भरलं, गाडीची छोटी बॅटरी पुन्हा जोडली आणि पंप चालू करून हवा काढत बसले. टाकीत बुडबुडे यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. शेवटचा बुडबुडा येईपर्यंत मी मान वर केली नाही. केली तेव्हा भाई गेले होते. माशांची पिशवी होती. ती मी बिल्डिंगच्या वॉचमनला दिली.

गाडी तेव्हापासून छान चालते. आवाज नाही, काही नाही. कधीकधी मला तिच्या या शहाणपणाचाच राग येतो.

भाईंच्या निरोपाला युनिटमध्ये केक कापला. मी एका पेशंटला सुई लावत होते. माझ्याशिवाय ते काम दुसरी कुणीही करू शकली असती. विमानतळावरही ते टॅक्सीनं गेले. "व्हाय डिडन्ट वी ड्रॉप मामा?" मीनूनं विचारलं. ड्यूटी होती, मी म्हटलं. "बट यू वेअर होम," ती म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

आता नवा टेक्निशियन आहे, हुशार आहे. पंप वाजला की तक्रार लिहून घेतो आणि मग बदलतो. मागच्या आठवड्यात हज्जीयाचं मशीन जरा कुरकुरलं, तर तिनं दंड मागे घेतला. तो हिंदी कुठाय? मी सांगितलं, देशाला गेला, कायमचा. ती बराच वेळ मशीनकडे बघत राहिली. फार चांगला माणूस, ती म्हणाली. मी मान हलवली. तिच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. तिच्या मशीनमधला प्रत्येक पंप त्यांनी वाजायच्या आधी बदलला होता. ती त्यांची कुणी नव्हती.

सुई लावून घेताना तिनं माझं मनगट धरलं. फोन करशील तेव्हा त्याला माझा सलाम सांग, म्हणाली. मी हो म्हटलं.

तो सलाम अजून माझ्याकडेच आहे.