लाल शिंगाची बाजू

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. आता मामांना जाऊनही बराच काळ लोटला. मला खोटं पाडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे हे धैर्य आलं. धैर्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून असाच.

शेळीच्या गालाला उलटी बोटं लावून मामा म्हणायचे, "थांबा, तिला इचारतो." मग तिचा रवंथ बघत उभे राहायचे. दुष्काळात स्वतःचा कळप विकावा लागला, म्हणून ते तामलवाडीजवळच्या एका सहकारी शेळीपालन संस्थेत राखणीला लागले होते; सगळे त्यांना मामाच म्हणत. तिथल्या शेळ्या मला प्रबंधासाठी मिळाल्या. दाताच्या आतल्या गराला आलेली सूज माझं औषध उतरवतं का, हे पाहायचं होतं. माणसाच्या दातात मुद्दाम सूज आणता येत नाही, माणूस तक्रार करतो. शेळी नुसती ओरडते, आणि ते प्रबंधात लिहायचं नसतं.

दोन्ही बाजूंची एकेक दाढ कोरायची. एकीत औषध, दुसरीत नुसतं सिमेंट. औषधाच्या बाजूचं शिंग मामांनी लाल रंगवायचं.

शेळीच्या तोंडासमोर बसून मी माझ्या उजव्या हाताकडच्या दाढेत औषध भरलं आणि हुकूम सोडला, "उजवं शिंग रंगवा."

"दवा तर डावीकडं भरली की, डॉक्टर."

"मामा, शिकलेलं कोण? तुम्ही का मी?"

"तुमीच जी." त्यांनी शेळीचं उजवं शिंग रंगवलं. मग सगळ्याच शेळ्यांचं.

आठवड्यानं म्हणाले, "लाल शिंगाकडनं एक बी चावंना. तिकडं दवा न्हाय बगा."

"या, प्रोफेसर!" म्हणून मी हसलो.

दाढा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. लाल बाजूला सूज, दुसरी ठणठणीत. समोर बसणाऱ्याचं उजवं ते शेळीचं डावं, हे तेव्हा माझ्या उच्चशिक्षित डोक्यात शिरलं. दातांच्या डॉक्टरला डावं-उजवं कळत नाही, हे परीक्षकांना कोण सांगणार? 'राखणदाराने चुकीचे शिंग रंगवले' असं लिहून मी निष्कर्ष सुलटे केले. प्रबंधाचं कौतुक झालं.

राखणदाराच्या चुकीची बातमी संस्थेच्या चेअरमनपर्यंत गेली. मामांच्या देखत त्यांनी विचारलं, "खरंय का, डॉक्टर?" मी मान वर-खाली हलवली. ही दिशा मात्र चुकली नाही. मामांचं काम गेलं. जाताना एवढंच म्हणाले, "शेळ्यास्नी गार पाणी देऊ नका. काढलेल्या दाढंची जागा अजून ठणकतीया."

कित्येक वर्षांनी मामांची सून त्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन आली. दाढ दुखत होती.

"कुठल्या बाजूची, मामा?"

हात अर्धा वर गेला आणि खाली आला. "तुमीच बगा. मला डावं-उजवं कळत न्हाय."

टोमणा असावा म्हणून मी चेहरा पाहिला. टोमणा नव्हता.

"समदं गाव तेच म्हणतंय," सून म्हणाली. "आता त्यास्नी बी खरं वाटाय लागलंय."

मी दाढ काढली, कापूस ठेवला. ते दारापर्यंत गेले. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं.

"मामा," मी हाक मारली. ते वळले, थांबले.

"तासभर बोलू नका," मी म्हणालो.