पाच टाळ्यांचा शब्द

माणसाने उपाशी राहावं, पण अक्षर गिळू नये, असं मानणारी एकच व्यक्ती मी कोल्हापुरात पाहिली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण वर्ग काही सुटला नाही. फक्त विद्यार्थी बदलले. दूधवाला, गॅसवाला, मी. एकदा रिक्षावाल्याने ‘वनस्पती’चं ‘वनसपती’ केलं, तर घर आलं तरी बाई रिक्षातून उतरेनात. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने नीट म्हटलं, तेव्हाच उतरल्या. “शब्दात घाई कसली?” हे वर.

मग कॉलनीच्या बागेत झाडांना पाट्या लावायचं ठरलं. मजकूर बाईंचा, रंगकाम उचगावच्या एका पेंटरचं. तो बोलताना अडखळायचा, म्हणून शक्यतो गप्पच असायचा. तुळशीच्या पाटीवर त्याने ‘संमुखपर्णी’चं ‘संमुखवर्णी’ रंगवलं आणि बाई तडक खाली आल्या.

“बा-बाई, झाडाला वाचता येत न्हाय, मानसाला येळ न्हाय. ऱ्हाऊ द्या की!”

“म्हणून शब्द बिघडवायचा? म्हणा. सं-मु-ख-पर्-णी. पाच टाळ्या. ‘ख’ गिळायचा नाही.” मग दोन्ही तळवे समोरासमोर धरून अर्थ सांगितला : एकाच पेरावर, एकमेकांसमोर दोन पानं.

पेंटर पहिल्याच अक्षराला अडकला. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण बाई शांतपणे कट्ट्यावर बसल्या. पुढे आठवडाभर रोज संध्याकाळी बागेतून टाळ्या ऐकू यायच्या. शेजारच्यांना वाटलं, भजनी मंडळ निघालं.

उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे आलेच नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत असताना बाईंनी पेंटरला पुढे केलं. तो घामाघूम. मांडीवर बोटं आपटत म्हणाला, “ही तुळस हाय. सं-मु-ख-पर्-णी. म्हंजे पानं एकमेकाच्या तोंडाकडं बघत असत्यात.” एकदाही अडखळला नाही. तो ‘हाय’ ऐकून मी धास्तीने बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

गेल्या वर्षी लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. परवा पेंटर माझ्या दारात उभा. बाईंचा नंबर हवा होता.

“नवी पाटी का?” मी विचारलं.

“न्हाय ओ,” तो खाली बघत म्हणाला. “लई दिस झालं, कुनी चूक काढली न्हाय.”