प्रयोगताईंचा परीक्षेचा पाठ

शाळेच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काचेची भांडी विसळणाऱ्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणाऱ्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना तासाआधी सगळं हाताशी मांडून देणाऱ्या बाईंना मुलं प्रयोगताई म्हणत. शिक्षक प्रयोग दाखवीत, मुलं तोंडात बोटं घालीत, आणि प्रयोगताई मागच्या दाराशी फडकं घेऊन उभ्या असत. प्रयोग साधला तर शिक्षकांचा, फसला तर ताईंचा, असा तिथला रिवाज होता. त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी आहे, हे मुख्याध्यापकांना बाराव्या वर्षी कळलं, तेही कुठलासा जुना अर्ज शोधताना.

"अहो, मग वर्गावर का जात नाही तुम्ही?"

"परवाना कुठं आहे, सर?"

"मग काढा की! दोन वर्षांनी सहावीच्या विज्ञानाची जागा रिकामी होतेय. तोवर परवाना आणलात तर जागा तुमची. नाहीतर दुसरं कुणीतरी येईल, मग मला बोल लावू नका."

अशा रीतीनं वयाच्या चाळिसाव्या वर्षी प्रयोगताई पदवीनंतरच्या शिक्षक प्रशिक्षणाला दाखल झाल्या. बरोबरची पोरंपोरी बाविशीची. ती त्यांना सरळ काकू म्हणत. घरी सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "लेकीची दहावी आणि आईची पहिली, एकदमच उरकून घ्या."

प्रशिक्षणात एक गोष्ट अटळ असते, ती म्हणजे पाठ टाचण. कुठलाही तास घेण्याआधी तो कागदावर लिहून काढायचा. डाव्या रकान्यात शिक्षकाचा प्रश्न, उजव्या रकान्यात मुलांचं अपेक्षित उत्तर. प्रयोगताईंचं टाचण म्हणजे मोत्यांची माळ. खाडाखोड नावाला नाही. परीक्षेच्या पाठाची तालीम त्या घरीच घेत. लेक एका खुर्चीवर आणि दुसऱ्या खुर्चीवर सासूबाई, गुडघ्याला तेल चोळत.

"सांगा बरं, ओला कपडा वाळतो तेव्हा…"

"पाण्याची वाफ होते!" सासूबाई म्हणत.

"आई, प्रश्न तरी पुरा होऊ द्या!"

"उत्तर ठाऊक असताना ताटकळायचं कशाला? पुढचं विचार."

घरच्या वर्गात पाठ पंधरा वेळा बिनचूक झाला. सोळाव्या वेळी परीक्षा होती. खऱ्या वर्गात, मागच्या बाकावर परीक्षक बसलेले. प्रयोगताईंनी घसा साफ केला आणि प्रश्न विचारला. ओला कपडा वाळतो तेव्हा त्यातलं पाणी कुठं जातं?

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "कपडा पिऊन टाकतो."

ताईंची नजर टाचणावर होती. "शाब्बास! अगदी बरोबर. पाण्याची वाफ होते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या. मुलगी बावचळून खाली बसली. पाठ संपेपर्यंत असंच चाललं. मुलं काहीही म्हणोत, ताई कागदावरच्या उत्तराला शाबासकी देत राहिल्या. परीक्षकांनी शेरा लिहिला: "बाईंनी टाचणाला शिकवलं. वर्गात मुलंही होती."

नापास. तीन महिन्यांनी आणखी एकदा संधी होती, शेवटची. तीही गेली तर अभ्यासक्रम पहिल्यापासून, आणि तोवर सहावीची जागा भरलेली असणार.

प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पस्तीस वर्षं वर्गावर काढलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी शेरा वाचला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "रडणं झालं असेल तर उद्या माझ्याबरोबर चला. आणि मागं नाही, फळ्याजवळ उभं राहायचं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी परक्या वर्गात तोच प्रश्न विचारला. एक मुलगा म्हणाला, जमिनीत. दुसरा म्हणाला, हवेत. आणि इथंही एक मुलगी निघालीच, "कपडा पितो."

मोठ्या बाई हसल्या नाहीत, चूक म्हणाल्या नाहीत. "पितो? बरं. तू तांब्याभर पाणी प्यायलीस तर जड होशील की हलकी?"

"जड."

"आणि वाळलेला कपडा?"

मुलीनं आपला रुमाल काढला. बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, तळहातावर तोलला. मग शेजारणीचा कोरडा रुमाल दुसऱ्या हातावर घेतला. एकदा या हाताकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. मोठ्या बाई गप्प. वर्ग गप्प. ताईंनी मनात मोजलं, एकोणीस सेकंद.

"प्यायला असता तर जड राहिला असता," मुलगी हळूच म्हणाली. "म्हणजे ते कपड्यात नाहीच. बाहेर गेलं."

निळे स्फटिक पांढरे होताना, धातूची फीत डोळे दिपवून जळताना प्रयोगताईंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण बारा वर्षं मागच्या दाराशी उभं राहून त्यांना मुलांच्या दिसल्या होत्या त्या मानाच. एक समजूत सुटते आणि दुसरी तिच्या जागी येऊन बसते, त्या वेळी माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी जन्मात प्रथम पाहिलं. एवढी मोठी गोष्ट इतकी बिनआवाजी घडते?

"बाई, हे जमतं कसं?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"जमतंय कुठं? अजून धडकी भरते. ती काय बोलणार, मला काय स्वप्न पडलं होतं?" मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "तुम्ही एक करा. उत्तरांचा रकाना सोडू नका, नियम आहे. पण त्यात मुलांची चुकीची उत्तरं लिहा. सापडतील तेवढी."

ताई कामाला लागल्या. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी मुलांना गाठायचं, प्रश्न टाकायचा, उत्तर वहीत टिपायचं. लोखंड का गंजतं? म्हातारं होतं म्हणून. सावली मागं का पडते? दिव्याला घाबरून. वही भरत गेली आणि ताईंची छाती दडपत गेली. एकेका डोक्यात केवढी जुळणी चालते, आणि आपण तिच्यावर एक "चूक" मारून मोकळे होतो!

परीक्षेच्या आदल्या दिवशी चिठ्ठीत विषय निघाला ज्वलन, आणि रात्रीत टाचण तयार झालं. परीक्षेला मागच्या बाकावर परीक्षक तेच. ताईंनी टेबलावर मेणबत्ती लावली.

"यात काय जळतंय?"

"वात!" सगळा वर्ग म्हणाला. हे वहीत होतं.

"मग मेण कशाला?"

आखूड केसांची एक मुलगी म्हणाली, "वात उभी राहायला."

वर्ग खो खो हसला. हे मात्र वहीत नव्हतं. टाचणात पुढं होतं, मेणबत्तीवर बरणी पालथी घालणे. ताईंनी टाचण मिटून खिडकीत ठेवलं.

"उभी राहायला. बरं. मग नुसती वात पेटवून बघू या."

चिमट्यात धरलेला दोऱ्याचा तुकडा भुर्रकन जळून गेला.

"संपली," मुलगी म्हणाली. "मेणातली संपत नाही. मेण तिला वाचवतं."

"कसं?"

मुलगी मेणबत्तीकडे वाकून पाहू लागली. ताईंनी तिला पाहू दिलं. मग त्यांनी मेणबत्ती फुंकली. वातीतून धुराची पांढरी रेघ वर निघाली, तिला दोन बोटं वर जळती काडी लावली, आणि ज्योत त्या रेघेवरून सुळकन खाली उतरून वातीवर बसली.

"वातीला हातच नाही लावला!" कुणीतरी ओरडलं. "पुन्हा! पुन्हा करा!"

वाऱ्यानं धूर हलू लागला. मागचा बाक करकरला. परीक्षक उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली आणि ते तिथंच उभे राहिले.

तिसऱ्या वेळी काडी त्या मुलीनं धरली. ज्योत उतरली. ती वातीकडे पाहत होती, मग वातीच्या वरच्या मोकळ्या जागेकडे पाहू लागली. "धूर पेटला," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे धुरात काहीतरी आहे. मेणच आहे! मेण वर येऊन जळतंय, वात नुसती वाट देतेय." आणि तिचा चेहरा… ताई हातातला खडू विसरून तो पाहत राहिल्या.

घंटा झाली. फळा कोरा होता.

व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. परीक्षक वही घेऊन बाहेर आले.

"सारांश लिहिला नाहीत. गृहपाठ नाही. टाचणातले तीन टप्पे झालेच नाहीत."

"हो, सर."

"त्याचे गुण जाणार."

"हो."

"जेवणाची सुट्टी होऊन सात मिनिटं झाली. आत अजून बारा मुलं आहेत." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पान ताईंपुढं धरलं. उत्तीर्ण, पण अगदी काठावर. सहावीचा वर्ग मिळाला होता.

"धन्यवाद, सर."

परीक्षक गेले नाहीत. एकवीस वर्षं मागच्या बाकांवर बसलेल्या त्या माणसानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, ती काडी नेमकी किती वर धरायची?"

"दोन बोटं. वारा नसेल तर तीन."

त्यांनी मान डोलावली, वही काखेत मारली आणि ते पुन्हा वर्गात शिरले.