विश्रांतीचा रकाना

ह्यांचं घड्याळ अजून माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. लाकडी फळीला बसवलेलं. वरचं बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. चंडीगडला दिवे-पंख्यांची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात हे इंजिनिअर होते. एका कामाला हाताच्या किती हालचाली लागतात, किती सेकंद जातात हे मोजायचं आणि त्यावरून दिवसाचं काम ठरवायचं, ही त्यांची नोकरी. विद्या जुनीच, पण उदारीकरणानंतर परदेशी भागीदार आला आणि तिला एकाएकी भाव आला.

जोडणीच्या बाकावर जवळच्या मनीमाजरा वस्तीतल्या बायका बसत. घड्याळ निघालं की, रोजचं काम वाढवतील या भीतीनं, त्यांचे हात संथ व्हायचे. त्यांतली सगळ्यांत जुनी बाई एकदा ह्यांना म्हणाली, "साहबजी, घड़ी बाद में. पहले आप बैठो."

हे बसले, चांगले आठवडाभर. संध्याकाळी घरी चहाचा कप डाव्या हातानं उचलू लागले.

"उजव्याला काय झालं?" मी विचारलं.

"स्क्रूचा डबा लांब आहे गं. दर वेळी खांदा ताणावा लागतो."

"मग जवळ घ्या. एवढं कळायला आठवडा लागला?"

"आठ वर्षं लागली," हे म्हणाले.

डबा जवळ आला आणि काम वाढलं. वरचे साहेब खूश झाले. पण ह्यांनी तक्त्यात एक नवा रकाना घातला होता: विश्रांती, दर पाळीत दोनदा दहा मिनिटं. तो खोडून सही करा, असं त्यांना सांगण्यात आलं. ह्यांनी सही केली नाही. त्या वर्षीची बढती हुकली. त्यांच्या सहीशिवाय तक्ता लागू होत नव्हता; महिनाभर तो टेबलावर पडून राहिला, आणि शेवटी रकान्यासकट भिंतीवर लागला.

मी चिडले होते. सेक्टर सतराच्या बाजारातून चालताना म्हटलं, "अहो, वीस मिनिटांसाठी?"

"आठवडाभर त्या बाकावर बसून बघ, मग बोल."

मला ते पटलं नव्हतं.

हे गेले त्यानंतर काही दिवसांनी ती बाई भेटायला आली. तिचं काम सुटलं होतं. आता तिची सून त्याच बाकावर बसते. भिंतीवरचा तक्ता गेला, म्हणाली, सगळं कॉम्प्युटर मोजतो.

"और आराम?" मी घाबरत विचारलं.

"वो भी कंप्यूटर में है जी, दो बार. लड़कियाँ कहती हैं, चलो, घड़ी वाले साहब का टाइम हो गया."

मी कपाटातून घड्याळ काढून बघायला तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, बटण दाबलं नाही. "इससे बहुत डरते थे हम," म्हणाली.

कारखान्यात ह्यांच्या नावाची पाटी कुठंच नाही. पण रोज दोनदा, ह्यांना कधी न पाहिलेल्या मुली तिथं खांदे सैल सोडून बसतात.